पाकिटं फोडायची रात्र: १९४४ चा ऑस्कर सोहळा गावात कसा भरवाल

वाचनालयाचा हॉल, चाळीसेक माणसं आणि दोन तास, एवढ्यात हा खेळ होतो. जुन्या सोहळ्यातली नामांकनं लोकांपुढे ठेवायची, विजेता त्यांनी ओळखायचा आणि मग पाकीट फोडायचं. जळगाव-भुसावळकडे हा कार्यक्रम मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आत उरका. एप्रिल लागला की पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी सातलाही बसवत नाही.

१९२९ चा पहिला सोहळा घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. त्याचे निकाल फेब्रुवारीतच जाहीर झाले होते आणि १६ मे रोजी बक्षिसं वाटायला जेमतेम पंधरा मिनिटं लागली. १९४० मध्ये एका वर्तमानपत्राने निकाल सोहळ्याआधीच छापले, तेव्हा कुठे १९४१ पासून बंद पाकिटं आली. आपल्याला २ मार्च १९४४ ची रात्र सोयीची: सिनेमा ओळखीचा, निकाल मात्र चकवणारे.

पहिली चूक सालाची होते. ‘कॅसाब्लांका’ न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर १९४२ मध्ये लागला, लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी १९४३ मध्ये. पात्रता लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनावर ठरे, म्हणून तो १९४३ च्या चित्रपटांत धरला गेला आणि बक्षीस मिळालं १९४४ मध्ये. याद्यांमध्ये यातलं कुठलंही साल सापडतं. मतपत्रिकेवर ‘चित्रपट १९४३ चे, सोहळा १९४४ चा’ असं ठळक छापा, म्हणजे वाद तिथेच मिटतो.

विभाग सहाच ठेवा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्या वर्षी दहा नामांकनं होती, बाकी पाच विभागांत पाच-पाच. रंगतो तो अभिनेत्याचा विभाग: हम्फ्रे बोगार्ट, गॅरी कूपर, पॉल लुकास, वॉल्टर पिजन, मिकी रूनी. बहुतेक जण डोळे मिटून बोगार्टवर खूण करतात. जिंकला लुकास, ‘वॉच ऑन द राईन’साठी. म्हणून याला तीन गुण आणि चित्रपटाला एकच, कारण ‘कॅसाब्लांका’ सगळेच ओळखतात. अभिनेत्री जेनिफर जोन्स (‘द साँग ऑफ बर्नाडेट’), दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, सहाय्यक अभिनेता चार्ल्स कोबर्न, सहाय्यक अभिनेत्री कॅटिना पॅक्सिनू. या चारांना दोन-दोन गुण. बरोबरी झाली तर एकच प्रश्न: ‘कॅसाब्लांका’ला एकूण किती ऑस्कर? तीन; तिसरं पटकथेचं.

पाकिटं जाड खाकी घ्या. पांढरं पातळ पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं नाव वाचता येतं. विभागाचं नाव बाहेर मोठ्या अक्षरात लिहा आणि संच एकच करा. २०१७ मध्ये खऱ्या सोहळ्यात पाकिटांचे दोन संच होते. त्यातलं अभिनेत्रीचं जादा पाकीट शेवटच्या बक्षिसाच्या वेळी हाती पडलं आणि भलताच चित्रपट जाहीर झाला. फोडलेलं पाकीट लगेच डब्यात टाका.

मतपत्रिका पहिलं पाकीट फुटण्याआधी गोळा करा, मग उलटसुलट वाटून दुसऱ्याची दुसऱ्याकडून तपासून घ्या, लाल पेनने. मोबाइल दारातल्या टोपलीत. सहाय्यक कलाकारांपासून सुरुवात, चित्रपट शेवटी. निवेदन अहिराणीत करा. ‘आते पाकीट’ एवढं म्हटलं तरी मागची रांग गप्प होते. लाइट जाणारच, तेव्हा माइक आणि एक दिवा इन्व्हर्टरवर ठेवा. पंखे मात्र मत लिहिताना मंद, नाहीतर कागद हॉलभर.

बक्षिसाची मूर्ती प्लास्टरचीच करा. युद्धकाळात धातू वाचवायला खऱ्या मूर्तीही प्लास्टरच्या होत्या. उंची साडेतेरा इंच. गणपतीच्या कारखान्यांत या दिवसांत तशी गडबड कमी असते, मूर्तिकार सवडीने साचा करून देतो. मूर्ती घोट्याशी मोडते, कारण सगळा भार तिथे निमुळत्या भागावर येतो. ओतण्यापूर्वी आत सहा मिलिमीटरची सळई उभी करायला सांगा. पूर्ण वाळल्यावरच सोनेरी रंग द्या. ओल राहिली की पापुद्रे सुटतात. सहाय्यक कलाकारांनाही पूर्ण मूर्तीच हवी. त्याआधी त्यांना नुसती पाटी मिळायची, मूर्ती याच वर्षीपासून.

जेवण ठेवायचंच असेल तर शेवटी. त्या वर्षी हॉलिवूडकरांनीही मेजवानी बंद करून सोहळा प्रथमच थिएटरात नेला होता. आपल्याकडचं कारण साधं आहे: भरीत-पुरी आधी वाढली की मतपत्रिकांना तेल लागतं आणि कुणी कुठे खूण केली तेच कळत नाही.