समुद्राच्या पाण्यातले ट्रेस मेटल (अत्यल्प प्रमाणातले धातू) मोजताना या चुका टाळा

जस्त जास्त आलं की लगेच 'प्रदूषण' लिहायची घाई करू नका. ते पाण्यातलं आहे की तुमच्या बादलीतलं, हे आधी तपासा.

ठाणे खाडीपासून बाहेर समुद्रापर्यंतचे नमुने एकदा आमच्याकडे आले. बाहेरचं स्वच्छ पाणी मिसळत जातं, म्हणून खारटपणा वाढेल तसं जस्त उतरायला हवं. इथे शेवटच्या दोन ठिकाणी ते एकदम चढलेलं. शिसं, तांबं मात्र जागच्या जागी. मुलांनी अहवालात 'सांडपाण्याचा नवा स्रोत' लिहूनही टाकलं होतं! खोदून विचारल्यावर कळलं, खाडीत होडीतून हाताने बाटली बुडवली होती आणि बाहेर ट्रॉलरवरची जीआय बादली वापरली होती. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचाच मुलामा. जस्ताचे आकडे फेकावे लागले, आणि त्या दिवसाच्या भरतीचं पाणी पुन्हा कुठून आणणार?

होडीचं बूडही बाधतं, तिथे गंज टाळायला लावलेले जस्ताचे ठोकळे (अॅनोड) आणि तांबं असलेला रंग असतो. म्हणून मी इंजिन बंद करून, नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून), प्रवाह येतो त्या बाजूला हात लांब करून बाटली भरते. हातमोजे बिनपावडरचे. बाटलीला एकच माणूस हात लावतो. दोरी, पेटी, बाहेरची पिशवी दुसऱ्याकडे.

दुसरी चूक मला अजिबात सहन होत नाही: फील्ड ब्लँक न घेणं. प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी होडीवर न्यायचं, तिथेच उघडायचं, तसंच गाळायचं, त्यातही तेच आम्ल घालायचं. त्यात जस्त निघालं तर ते तुम्ही घातलेलं आहे. 'वेळ नव्हता' म्हणणाऱ्यांचे आकडे मी वाचत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखवून दिलं की समुद्रातल्या शिशाचे जुने बरेच आकडे हाताळणीतून शिरलेल्या शिशाचे होते. एवढं माहीत असून ब्लँक टाळायचा?

बाटल्या आम्लात भिजवून, धुऊन, दुहेरी पिशवीतच न्या.

आधी गाळा, मग आम्ल घालून पीएच २च्या खाली आणा. क्रम उलटला तर गाळावरचे धातूही पाण्यात उतरतात.

खारं पाणी थेट आयसीपी-एमएसला, म्हणजे धातू त्यांच्या अणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्राला, लावू नका. यंत्रातला आर्गॉन वायू मिठातल्या क्लोरीनशी जुळून वस्तुमान ७५ वर आर्सेनिक होऊन बसतो, सोडियमशी जुळून ६३ वर तांबं. धातू धरून ठेवणाऱ्या रेझिनवरून मीठ वेगळं काढायला दिवस जातो, तो जाऊ द्या. प्रत्येक खेपेला प्रमाणित समुद्रजलही (ज्यातल्या धातूंचे आकडे आधीच माहीत आहेत असं पाणी) चालवा.

पारा मोजायचा असेल तर बाटली वेगळी, काचेची किंवा टेफ्लॉनची. साध्या प्लॅस्टिकमधून तो आरपार ये-जा करतो.