माळ्यावरचा स्पेक्ट्रम सापडला, तर आधी काय करायचं?

"दादा, एक जुना कॉम्प्युटर मिळाला, लावून पाहू का?" असा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं असतं: लावू नको, आधी फोटो पाठव. दिवसा माझं काम यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्तीचं, आणि संध्याकाळी टेबलावर ८-बिट कॉम्प्युटर उघडे पडलेले असतात. नागपुरात हा नाद असलेले लोक मूठभरच आहेत. तरी दरवर्षी पॉलिटेक्निकची, इंजिनिअरिंगची पोरं विचारत येतात आणि तेच तेच सांगावं लागतं. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

पहिला प्रश्न असतो की माल मिळतो कुठे. कबाड्याकडे फार वेळ घालवू नका. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर डबा फुटलेला असतो आणि सोन्याच्या आशेने चिपा उपटलेल्या असतात. चांगली यंत्रं निवृत्त इंजिनिअर-प्राध्यापकांच्या घरी असतात, धरमपेठेत, लक्ष्मीनगरात, बॅगांच्या मागे, सज्ज्यावर. १९८० च्या दशकात कुणी इंग्लंडहून, कुणी आखातातून येताना सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा छोटा घरगुती कॉम्प्युटर आणला होता. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन इथेच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला काढला, तोही अधूनमधून दिसतो. दुसरं यंत्र बीबीसी मायक्रो. १९८४ मध्ये 'क्लास' नावाच्या सरकारी प्रकल्पातून ते देशभरच्या शाळांत गेलं, त्यामुळे जुन्या शाळांच्या स्टोअररूममध्ये नजर टाकायला हरकत नाही. मात्र कीबोर्डसारखा डबा आणि वर कार्ट्रिजची खाच दिसली, की हुरळून जाऊ नका. नव्वदीत 'कॉम्प्युटर' म्हणून खपलेला तो व्हिडिओ गेम असतो. मजेचा आहे, पण शिकायला पहिलं यंत्र म्हणून स्पेक्ट्रमच घ्या. सर्किट कागदाच्या एका पानावर मावतं, आणि झेड-८० प्रोसेसर सोडला तर आत डोकं चालवणारी एकच मोठी चिप आहे, फेरांटी कंपनीची यूएलए.

मिळाला की नवखा माणूस लगेच दोन गोष्टींच्या मागे लागतो: टीव्हीवर चित्र आणणं आणि एसडी कार्ड बसवणं. माझं सांगणं उलट आहे. या यंत्रांचे प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटीवर आवाजाच्या रूपात भरलेले असायचे. डब्यासोबत अशा कॅसेटी असतील तर यंत्र बाजूला ठेवा आणि आधी कॅसेटी पाहा.

का, ते सांगतो. एका काकूंनी मला त्यांच्या यजमानांचा स्पेक्ट्रम दिला. खोक्यात विकतच्या गेमच्या कॅसेटी होत्या आणि एक साधी कॅसेट होती, तिच्यावर शाईपेनाने 'हिशेब' लिहिलेलं. काकू म्हणाल्या, "ती राहू दे, त्यात काही नाही, नुसती कर्कश आवाज करते." तीच मी आधी मागून घेतली. आत बेसिक भाषेतला घरखर्चाचा प्रोग्रॅम निघाला, आणि पडद्यावर उमटलं: दूध, पेपर, किराणा. देवनागरीत! स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, देवनागरी नाही. पण वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हं काढता येतात, प्रत्येक ८ गुणिले ८ ठिपक्यांचं, म्हणजे आठ आकड्यांचं. प्रोग्रॅमचं लिस्टिंग काढलं तर डेटाच्या ओळीत दर आठ आकड्यांच्या गटात पहिला आकडा २५५ येत होता. २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले. चौकटीची सगळ्यात वरची ओळ पूर्ण भरली की शेजारची चिन्हं आपोआप जोडली जातात आणि शिरोरेषा तयार होते. खाली उरलेल्या सात ओळींत 'दू' बसवायचा, उकारासकट. जेमतेम वाचता येतो, पण येतो. २१ जागांत सगळी बाराखडी मावणं शक्यच नव्हतं, म्हणून काकांनी घरखर्चाला लागतात तेवढीच अक्षरं काढली होती.

स्पेक्ट्रमचे विकतचे गेम जगभरच्या लोकांनी कधीच जतन करून ठेवलेत. हा दूध-पेपरचा प्रोग्रॅम त्या एका कॅसेटीवर होता, आणि कुठेच नव्हता.

कॅसेट वाचायला जुना कॉम्प्युटर लागतच नाही. एक बरा डेक हवा, लॅपटॉप हवा आणि लाइन-इनची वायर. कॅसेट आधी उजेडात धरा. फितीवर पांढरट बुरशी दिसली (आपल्याकडे दोन-तीन पावसाळे बंद कपाटात काढले की येतेच) तर ती डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर. फितीच्या मागचा छोटा फेल्टचा तुकडा, म्हणजे प्रेशर पॅड, जागेवर आहे का पाहा. तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो आणि माणूस फितीलाच दोष देत बसतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, मगच वाजवा. डेकवरचं डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झवर, मोनो, वेव्ह फाइलमध्ये. एमपी३ नको, कारण तिच्यात माणसाच्या कानाला न लागणारा भाग गाळला जातो, आणि कॉम्प्युटरला नेमका तोच लागू शकतो.

मग ही फाइल एम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लोड करा. एवढं करूनही 'आर टेप लोडिंग एरर' येत असेल तर बहुतेक वेळा हेडचा कोन चुकलेला असतो. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक स्क्रू दिसेल. कॅसेट वाजत असताना बारीक पेचकसाने तो किंचित फिरवत राहा. कर्कश्श आवाज जिथे सगळ्यात धारदार होतो, तिथे थांबा. ज्या डेकवर ती कॅसेट भरली होती त्याचा कोन तोच. एम्युलेटरमध्ये लोड करताना पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे सरकतात, तो पायलट टोन. मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागतात, ती खरी माहिती. हे पट्टे स्थिर दिसले की जीव भांड्यात पडतो.

फ्लॉपीचंही असंच. ड्राइव्हमधून येणारे कच्चे चुंबकीय संकेत टिपून घेणारे ग्रीझवीझलसारखे स्वस्त बोर्ड मिळतात, ते वापरा. ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी मेमरी) चिप असेल तर तिच्या काचेवरचा स्टिकर उत्सुकतेपोटी काढू नका. उघडी चिप थेट उन्हात ठेवली तर साधारण आठवड्याभरात पुसली जाते, असं जुन्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं, आणि नागपूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू!

आता यंत्राकडे.

स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट डीसीचा असतो, आणि त्याच्या पिनचा आतला भाग निगेटिव्ह, बाहेरचा पॉझिटिव्ह. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, हात घालाल तो राउटरचा अडॅप्टर नेमका याच्या उलट. पिन बसते, म्हणून पोरं लावतात आणि बोर्ड मारतात. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय कुठलाही अडॅप्टर लावायचा नाही. मूळ अडॅप्टर लोडशिवाय १२-१३ व्होल्ट दाखवेल. त्यात रेग्युलेटर नसतो, त्यामुळे ते ठीक आहे.

बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय आतच असतो. त्यात मेन्सच्या बाजूला पिवळसर पारदर्शक कवचाचे कागदी कपॅसिटर असतात. कवचाला बारीक तडे गेलेले असतात, त्यातून ओल आत शिरते, आणि इतक्या वर्षांनी २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत तो फुटतो. खोलीभर असा काही धूर होतो की घरचे पुन्हा हात लावू देणार नाहीत. कॉम्प्युटरचं सहसा बिघडत नाही, पण पहिल्यांदा चालू करण्याआधीच ते बदला, तेवढ्याच मायक्रोफॅराडचे आणि मेन्ससाठीच्या एक्स-२ सुरक्षा वर्गाचेच. मेन्सच्या बाजूचं काम कधी केलं नसेल तर शेजारी जाणता माणूस बसवा. २८६-३८६ या जुन्या पीसींचे बोर्ड हाती आले तर पहिली नजर बॅटरीकडे. बोटाच्या पेराएवढी निकेल-कॅडमियमची बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती कापून काढा, हिरवा थर व्हिनेगरने पुसा, मग अल्कोहोलने. बाकी नंतर.

स्पेक्ट्रम चालू केल्यावर सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची कॉपीराइट ओळ आली तर नशीबवान आहात. काळा पडदा किंवा उभे पट्टे आले तर मेमरीच्या व्होल्टेजपासून सुरुवात करा. खालच्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिपा आहेत, त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, आणि १६ म्हणजे ग्राउंड. उणे ५ गायब झालं आणि १२ चालूच राहिलं, की चिपा पटापट मरतात. उणे ५ आणि १२ दोन्ही ज्या छोट्या सर्किटमधून येतात त्यातला टीआर-४ ट्रान्झिस्टर हा नेहमीचा आरोपी. तो दुरुस्त न करता नव्या मेमरी चिपा लावल्या तर त्याही जाणार. चिप मेली असेलच, तर ती अखंड काढायचा हट्ट धरू नका. तिचे पाय कापा, एकेक पाय गरम करून उपसा, सोल्डर ओढून घेणाऱ्या सकरने भोकं साफ करा आणि आयसी बेस (चिपेचा सॉकेट) लावा. बोर्डाच्या रेषा नाजूक आहेत आणि त्याच वाचवायच्या आहेत. आधी हात बसवायला यूपीएसचे भंगार बोर्ड घ्या, कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात फुकट मिळतात. माझ्याकडे या, पोतंभर देतो.

आणि एक: मागच्या एज कनेक्टरला (बोर्डाच्या कडेवरच्या उघड्या पट्ट्यांना) कॉम्प्युटर चालू असताना काहीही लावायचं नाही, काढायचं नाही.

विस्ताराबद्दल माझा एकच नियम: उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर ते परत करता आलं पाहिजे. डब्याला भोक पाडायचं नाही. जुना मॉड्युलेटर (चित्राचं टीव्हीच्या अँटेनाला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा) टीव्हीच्या चॅनल ३६ वर चित्र पाठवतो, आजच्या टीव्हीवर ते शोधत बसण्यापेक्षा मॉड्युलेटरला जाणारा व्हिडिओ सरळ बाहेरच्या त्याच सॉकेटवर काढा. हे तासाभराचं काम, आणि पुन्हा जसंच्या तसं करता येतं. त्यासाठी जुना ट्यूबचा टीव्ही आणलात तर तो उघडू मात्र नका. पाच व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटर खूप तापतो. त्याच्या जागी तेवढ्याच तीन पिनांचा स्विचिंग रेग्युलेटर बसतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा हा बदल मी सगळ्यात आधी करतो. कूलरच्या झोतात मात्र यंत्र ठेवू नका, त्या दमट हवेने कीबोर्डचे आणि कनेक्टरचे पत्रे काळे पडतात.

१६ केबीचा स्पेक्ट्रम मिळाला तर तो ४८ चा करणं हा शिकण्यासाठी सर्वांत सुंदर प्रकल्प आहे. आठ मेमरी चिपा आणि चार साध्या लॉजिक चिपा, जागा बोर्डावर आधीच ठेवलेल्या आहेत. गंमत म्हणजे सिंक्लेअरने खर्च वाचवायला तिथे ६४ किलोबिटच्या अर्ध्या बिघडलेल्या चिपा वापरल्या, आणि कोणता अर्धा भाग चांगला आहे ते एका वायरच्या लिंकने ठरवलं. आज ४१६४ लावा, पूर्ण चांगली. एसडी कार्डासाठी डिव्हएमएमसी जातीचा बोर्ड मागे लावला की चार-पाच मिनिटांचं लोडिंग काही सेकंदांवर येतं. मूळ यंत्र मिळतच नसेल तर हार्लेक्विन हा स्पेक्ट्रमची नक्कल असलेला बोर्ड जुळवा. त्यात यूएलएचं काम साध्या लॉजिक चिपांकडून करून घेतलंय, त्यामुळे आत काय चाललंय ते ऑसिलोस्कोपवर तुकड्या-तुकड्याने पाहता येतं. झिलॉगने २०२४ मध्ये मूळ झेड-८० बंद करत असल्याचं जाहीर केलं, १९७६ पासून चालत आलेली चिप. बाजारात अजून भरपूर आहेत, पण नकली छापाच्याही आहेत. दुकानदार "ओरिजिनलच आहे भाऊ, काऊन टेन्शन घेऊन राहिला" म्हणाला तरी एक आणून तपासा, मग पाच घ्या.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरं करता येतं. माझं मत: राहू द्या तसंच. करायचंच असेल तर डिसेंबरात करा. मे महिन्यात प्लास्टिक पांढरं व्हायच्या आधी वाकडं होतं.

नोकरीत याचा उपयोग काय, हेही विचारतात, बहुतेक वेळा पोरांचे वडील. स्पेक्ट्रम दुरुस्त केला म्हणून कुणी ऑफर लेटर देत नाही. पण कॉलेजच्या लॅबमध्ये ८०८५ प्रोसेसरच्या किटवर ज्यांनी हेक्स आकडे टाकलेत, त्यांना झेड-८० परका वाटत नाही, कारण दोघांचं मूळ इंटेलच्या ८०८० प्रोसेसरमध्ये आहे. तिथे 'एमव्हीआय ए' होतं, इथे 'एलडी ए' लिहितात, कोड तोच, ३ई. लॅबमध्ये मात्र प्रयोग संपला की किट कपाटात जातं. इथे अ‍ॅड्रेस लाइन कुठे तुटली ते शोधल्याशिवाय चित्र येत नाही. एम्बेडेडच्या मुलाखतीत "बिघाड कसा शोधला ते सांगा" म्हटल्यावर ज्याला सांगायला काहीतरी असतं, त्याचं काम सोपं होतं.

राहिलं जतन केलेल्या फायलींचं. प्रत्येक फाइलसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: कुठल्या वर्षीची, कुठल्या यंत्रावरची, कॅसेटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, लेबलवर जसं लिहिलंय तसंच. जुन्या एक्सटी पीसीच्या फ्लॉपीवर मराठी मजकूर सापडला आणि उघडल्यावर नुसता कचरा दिसला, तर तो पुसू नका. बहुधा तो जिस्ट कार्डावर (पीसीत भारतीय लिपी आणणारं कार्ड) टाइप केलेला, इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातला असतो, आणि तो युनिकोडमध्ये नेता येतो. नेटवर चढवण्याआधी घरच्यांना विचारा, कारण त्यात कुणाचा पगार असतो, कुणाची उधारी. काकूंनी प्रोग्रॅम द्यायला होकार दिला, आकडे मात्र काढून टाकायला लावले. आमच्या किराण्याचा हिशेब जगाने कशाला पाहायचा, म्हणाल्या.