डेटाबेसची तार ट्रेलोला जोडण्याआधी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझ्या काकांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळून देण्याचं, वर्कशॉप आहे. जळालेली मोटर टेम्पोतून उतरते, काउंटरवर तिचं जॉब कार्ड फाडलं जातं आणि नोंद पोस्टग्रेसच्या डेटाबेसात जाते. कारागीर मात्र मोबाइलवर ट्रेलोचा बोर्ड बघून काम करतात; त्यावर एका कामाचं एक कार्ड असतं आणि कामाच्या टप्प्यांप्रमाणे कार्डांच्या लिस्ट. या दोहोंच्या मधे मी एनएटएन (n8n), म्हणजे एका ठिकाणची माहिती आपोआप दुसरीकडे नेणारं ऑटोमेशनचं साधन, बसवलं: डेटाबेसात नवा जॉब पडला की बोर्डावर कार्ड येतं. जोडणी अर्ध्या दिवसात झाली. तिच्याआधी जे करायला हवं होतं ते मात्र पुढचे तीन महिने रडतखडत केलं. तुम्ही असं काही जोडायला निघाला असाल, तर आधी काय काय हाताशी हवं ते सांगतो.

सुरुवात कागद-पेनाने करा. डेटाबेसातला एकेक कॉलम लिहा आणि त्याच्यापुढे लिहा, याचा मालक कोण. गिऱ्हाइकाचं नाव, मोटरचे एचपी, नेमप्लेटवरचा नंबर, ठरलेला दर: मालक डेटाबेस. काम कुणाकडे आहे, वाइंडिंगला की वार्निशला: मालक ट्रेलो. आमचं अडलं ते डिलिव्हरीच्या तारखेवर. काका फोनवर गिऱ्हाइकाला तारीख देऊन मोकळे होतात, कारागीर बेअरिंग मिळालं नाही म्हणून कार्डावरची तारीख पुढे ढकलतो. मी दोघांनाही लिहू दिलं. झालं असं, की डेटाबेसाने कार्ड बदललं, कार्ड बदललं म्हणून डेटाबेसातली ओळ बदलली, ओळ बदलली म्हणून पुन्हा कार्ड. रात्रभर हे गरगर फिरत होतं, आणि सकाळी एकाच कार्डावर बदलांची ही लांब शेपटी. शेवटी ठरवलं: तारीख फक्त काउंटरने बदलायची, कारागिराने कार्डाखाली कॉमेंट टाकायची. माझं मत विचाराल, तर पहिले काही आठवडे जोडणी एकाच दिशेने ठेवा. उलट्या दिशेचा मोह फार होतो, पण मालक कोण हे ठरल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

मग डेटाबेसात काय काय भरलंय ते डोळ्यांनी बघा. स्टेटसच्या कॉलममधल्या वेगवेगळ्या नोंदी काढल्या तर ‘तयार’, ‘तैयार’, ‘रेडी’, ‘थई गयुं’ (गुजरातीत ‘झालं’), शेवटी स्पेस असलेलं ‘तयार ’ आणि एका ठिकाणी नुसता टिंब. काउंटरवर बसणारा प्रत्येक जण आपापल्या भाषेत लिहीत होता, आणि माणसाला ते कळतही होतं. ऑटोमेशनला ‘तयार’ आणि ‘तयार ’ या दोन वेगळ्या गोष्टी. आधी ते सगळं निस्तरा आणि पुढे मोजक्या शब्दांखेरीज काही भरताच येणार नाही असं बंधन घाला. ट्रेलोच्या बाजूलाही तेच: लिस्ट तिच्या नावाने शोधू नका, तिच्या आयडीने धरा. आमच्याकडे एका पोराने ‘वार्निश’च्या लिस्टला कौतुकाने ब्रशचं चित्र जोडलं आणि त्या दिवशी एकही कार्ड तिथे पोचलं नाही.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. ऑटोमेशन दर पाच मिनिटांनी डेटाबेसाला विचारायचं, ‘नवीन काय?’, कार्ड बनवायचं आणि मग ओळीवर ‘पाठवलं’ अशी खूण करायचं. एका दुपारी कार्ड बनलं, पण खूण करायच्या पायरीवर चूक होऊन ते थांबलं. पाच मिनिटांनी तोच जॉब पुन्हा ‘नवीन’. संध्याकाळपर्यंत साडेसात एचपीच्या एकाच मोटरची कार्डंच कार्डं. आमचे जुने कारागीर मोबाइल घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, “भाई, आ मोटर केटली छे?” म्हणजे, ही मोटर आहे तरी किती?

म्हणून जोडणीआधीच एक छोटं टेबल करून ठेवा: एका कॉलममध्ये जॉब नंबर, तो दुसऱ्यांदा घालताच येणार नाही असा युनिक, आणि शेजारी ट्रेलोच्या कार्डाचा आयडी. आधी जॉब नंबर टाकायचा, मग कार्ड बनवायचं, मग आयडी भरायचा. आयडी रिकामाच राहिला असेल, तर दुसरं कार्ड बनवण्याआधी बोर्डावर तो जॉब नंबर शोधायचा. त्यासाठी जॉब नंबर कार्डाच्या नावातच सुरुवातीला असू द्या. कारागिरालाही तो तिथेच हवा असतो.

परवानग्यांचं थोडक्यात. पोस्टग्रेसचा मुख्य ‘पोस्टग्रेस’ युजर ऑटोमेशनच्या हाती देऊ नका. वेगळा युजर करा, त्याला लागतील तेवढेच कॉलम दाखवणारा एक व्ह्यू वाचायला द्या आणि लिहायची मुभा फक्त वरच्या छोट्या टेबलापुरती. गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि थकबाकी बोर्डावर जायचं काही कारण नाही. राउटरवर पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट जगाला उघडून देऊ नका. आम्ही एनएटएन वर्कशॉपच्याच संगणकावर ठेवलं, त्यामुळे ते आतून बाहेर ट्रेलोकडे जातं, बाहेरून आत कुणी येत नाही. ट्रेलोकडून लगेच निरोप हवा असेल तर वेबहुक लागतो, आणि वेबहुकला इंटरनेटवरून दिसणारा पत्ता लागतो. आम्ही ती भानगडच ठेवली नाही. दर दहा मिनिटांनी बोर्डाला विचारतो. वार्निश वाळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

ट्रेलोची मर्यादाही आधीच माहीत असू द्या: एका एपीआय कीला (ट्रेलोने आपल्या प्रोग्रामला दिलेली ओळख) १० सेकंदांत ३०० विनंत्या, एका टोकनला (एका खात्याने त्या प्रोग्रामला दिलेली परवानगी) १००. रोजच्या कामात आपण तिच्या जवळपासही जात नाही. पण पहिल्या दिवशी जुने सगळे जॉब एकदम ओतायला गेलात तर ४२९ क्रमांकाचा नकार येतो. फक्त चालू जॉब पाठवा, तेही पन्नास-पन्नासच्या घासांनी. डिलिव्हरी होऊन गेलेल्या मोटरचं कार्ड कुणाला हवंय?

वेळेचं प्रकरण चिवट आहे. एनएटएन स्वतःच्या मशीनवर चालवलं आणि टाइमझोन सांगितला नाही, तर ते न्यूयॉर्कचा धरतं. सकाळी ९ ची कामांची यादी आमच्याकडे जुलैत संध्याकाळी साडेसहाला येत होती, कारागीर हात धुऊन निघताना. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता टाका. शिवाय तारखेबरोबर वेळ पाठवताना +५:३० जोडायला विसरू नका. संध्याकाळचे ६ नुसतेच पाठवले आणि ते यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरले गेले, तर कार्डावर रात्रीचे साडेअकरा दिसतात. त्याच्याच जोडीला सुट्ट्यांचं एक टेबल करा. बडोद्यात १४ जानेवारीच्या उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, तर कुणी येत नाहीच, पण १५ च्या वासी उत्तरायणालाही सगळे गच्चीवरच असतात. त्या दिवसाची तारीख पडलेलं कार्ड म्हणजे गिऱ्हाइकाशी भांडणाची आगाऊ पावती. नवरात्रात डिलिव्हरी शक्यतो दुपारनंतरच धरा, रात्रभर गरबा खेळलेला माणूस सकाळी मेगरचा (मोटरचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राचा) आकडा नीट वाचत नाही.

बिघडल्यावर कळणार कसं, याची सोयही आधीच हवी. एनएटएनमध्ये चूक झाली की चालणारा वेगळा वर्कफ्लो जोडता येतो, त्यातून मला मेसेज येतो. एक लक्षात ठेवा: हाताने बटण दाबून चाचणी घेताना तो चालत नाही, तेव्हा ‘मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक’ असं समजू नका. पण संगणकच बंद असेल तर चूकही होत नाही आणि मेसेजही येत नाही. म्हणून रोज सकाळी बोर्डावर ‘आज चालू आहे’ असं एक कार्ड पडतं. ते दिसलं नाही की कारागीर काकांना हाक मारतात. काकांना या साऱ्या खटाटोपातलं तेवढं एकच कार्ड मनापासून आवडतं.

बॅकअप घेताना डेटाबेसाबरोबर एनएटएनची एन्क्रिप्शन की जपून ठेवा. ती हरवली तर वर्कफ्लो परत येतील, पण त्यात साठवलेले पासवर्ड आणि टोकन उघडणार नाहीत. आणि कॉपी दुसऱ्या जागी ठेवा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा संगणक वाचला, पण बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात आहे हे मला घरी बसून आठवत होतं.

एवढं झालं की वेगळ्या बोर्डावर तीन खोटे जॉब घेऊन फिरवून बघा: एक साधा, एक अर्ध्यात रद्द केलेला, एक इंटरनेटची वायर उपटून. मग खरा बोर्ड. काउंटरवरची वही मात्र महिनाभर चालू ठेवा. आमची तिसऱ्याच आठवड्यात बंद पडली, कारण तिला दोरीने बांधलेलं पेन कुणीतरी कापून नेलं आणि नवं कुणी बांधलं नाही.