चकली खपते, मग पैसा का उरत नाही? या चुका टाळा

दिवाळीत ऑर्डरींना पुरं पडता पडत नाही आणि सण सरला की गल्ल्यात खडखडाट. फराळ, मसाले, पापड करणाऱ्या बायकांची ही नेहमीची तक्रार. मालाची चव चोख असते. चुकतो तो बहुतेक वेळा हिशेब.

स्वतःची मजुरी न धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, किलोभर चकलीला भाजणी, लोणी, तेल, गॅस, पिशवी-लेबल धरून 230 रुपये लागले आणि विकली 320 ला. वाटतं, 90 सुटले. पण पीठ मळून, सोऱ्याने पाडून, तळून, गार करून भरेपर्यंत दीड तास गेला. तेवढ्या कामाचे मदतनीस ताईंना 100 द्यावे लागले असते, म्हणजे दहा रुपये तुमच्याच पदरचे गेले. मोडलेल्या आणि पोरांनी फस्त केलेल्या चकल्या वेगळ्याच! 1959 साली गिरगावात 80 रुपये उसने घेऊन सुरू झालेल्या लिज्जतमध्ये पापड लाटण्याची मजुरी वेगळी आणि नफ्याची वाटणी वेगळी असते. तुम्हीही आधी मजुरी धरा, मग भाव काढा. सवलत मागणाऱ्या वहिनींनाही तोच भाव सांगा.

घर आणि धंदा एकाच पाकिटात

वेगळं खातं उघडा, क्यूआर कोड त्यालाच जोडा. घरासाठी महिन्याला ठरलेली रक्कमच उचला.

कर्ज तुमचं, धंदा दुसऱ्याचा

यावर घरात फारसं बोललं जात नाही. सरकारच्या मुद्रा योजनेतलं सगळ्यात छोटं, म्हणजे 50,000 पर्यंतचं शिशु कर्ज बाईच्या नावावर निघतं आणि माल भरला जातो नवऱ्याच्या दुकानात. भारत, श्रीलंका, घाना इथल्या आकडेवारीवरचा 2019 चा एक अभ्यास हेच दाखवतो: घरात दुसरा धंदा असेल तर बाईला मिळालेलं भांडवल बरेचदा तिकडे वळतं. तिचा एकटीचाच धंदा असेल तिथे तिची कमाई वाढलेली दिसते. "बायकांना धंदा जमत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी पैसा गेला कुठे ते पाहावं. पैसे वळवायचेच असतील तर वहीत उसने म्हणून मांडा आणि हप्ता त्या दुकानातून वसूल करा.

तोंडी उधारी

दुकानदाराकडे अडकलेल्या पैशांसाठी कायदा आहे, पण त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, हवी. ती ऑनलाइन आणि फुकट होते. एजंटला पैसे मोजू नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करावं, असा कायदा आहे. अर्थात, दुकानदाराला कायदा दाखवला की पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजा. त्यापेक्षा माल देतानाच बिलावर पैशांची तारीख घालून सही घ्या, आणि मागचे आल्याशिवाय पुढचा डबा सोडू नका.