आविन्योंचं नाटक फेस्टिवल, फ्रेंच येत नसेल तरी कसं बघायचं

जुलैमध्ये फ्रान्सला जाणार असाल आणि नाटकाचा किडा असेल तर दक्षिण फ्रान्समधलं आविन्यों शहर सोडू नका. पण आधी हे समजून घ्या की तिथे एकाच वेळी दोन फेस्टिवल चालतात. 'इन' म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ विलारने 1947 मध्ये सुरू केलेलं, त्यात नाटकं निवडून बोलावतात. 'ऑफ' 1966 पासूनचं, तिथे कुणीही जागा भाड्याने घ्यायची आणि प्रयोग लावायचा, आता हजाराच्या वर नाटकं असतात.

'इन'चं एकच मोठं नाटक ठरवा आणि बुकिंग उघडल्या उघडल्या तिकीट काढून टाका. जमलं तर पोपच्या राजवाड्याच्या (चौदाव्या शतकात पोप इथे राहायचे) अंगणातलं घ्या, जवळपास 2000 लोक बसतात, प्रयोग रात्री दहाच्या सुमारास, कारण उन्हाळ्यात तिथे अंधारच उशिरा पडतो. आणि तिसरी घंटा वगैरे नाही, संगीतकार मॉरिस जारने केलेली तुतारीची धून वाजते, ती ऐकून सरळ आत जायचं. इंग्रजी सबटायटल आहेत का ते कार्यक्रमपत्रिकेत बघून मगच पैसे भरा. आणि जॅकेट न्या, दिवसा कितीही भाजलं तरी रात्री मिस्त्राल वारा सुटला की वाट लागते.

'ऑफ'चं मात्र आधीपासून फार ठरवू नकाच. कलाकार स्वतः रस्त्यावर कॉस्च्यूममध्ये पत्रकं वाटत फिरतात, खांबाखांबाला दोरीने पोस्टर बांधलेली असतात, त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं आपल्याला झेपेल की नाही (भाषा येत नसेल तर सर्कस, नृत्य, बाहुल्या, मूकनाट्य बघा, मजा येते). ऑफचं कार्ड काढलंत तर तिकिटावर साधारण 30 टक्के सुटतात. एकाच हॉलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक नाटकं असतात, एकाचा सेट निघतोय तोवर पुढचे प्रेक्षक दारात, त्यामुळे पाच मिनिटं उशीर म्हणजे तिकीट गेलं, आपल्याकडचं टॉर्च मारत खुर्ची शोधणं तिथे अजिबात चालत नाही. दोन नाटकांत पाऊण तास तरी ठेवा.

शहराबाहेर बुलबोंची दगडखाण आहे, इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुकचं नऊ तासांचं 'महाभारत' 1985 मध्ये पहिल्यांदा तिथेच झालं. मधली काही वर्षं ती बंद होती, 2023 पासून परत नाटकं होतात. तिथलं तिकीट घेतलंत तर रात्री परत यायची बस कशी आहे ते तेव्हाच बघून ठेवा.