ईको कॅम्परमध्ये दहा हजारांच्या आत नीट आवाज कसा बसवायचा

व्हॅनमधला आवाज सुधारायचा म्हटलं की माणूस दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचं आहे?" मी अंबाजोगाईत मोटार वायंडिंगचं काम करतो, तांब्याच्या तारेतच आयुष्य चाललंय. म्हणून ठामपणे सांगतो, पहिला पैसा गाडीच्या पत्र्यावर घाला, दुसरा तारेवर, तिसरा पुढच्या दोन स्पीकरवर. वॅटचा नंबर त्याच्यानंतर लागतो. हा क्रम पाळला तर दहा हजारांच्या आत असा आवाज मिळतो की पुढं ड्रायव्हरला आणि मागं पलंगावर पडलेल्या माणसाला शब्द न् शब्द कळतो.

आमची गाडी म्हणजे मारुतीची जुनी ईको व्हॅन, पाच सीटर. मागच्या मोकळ्या जागेत प्लायचा पलंग केलाय, नट सोडले की अख्खा बाहेर निघतो. सीट किंवा बॉडी कायमची बदलायची असेल तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून तिकडं हात लावला नाही. पलंगाखाली भांडी, पाण्याचा कॅन, अंथरुणं. नाथषष्ठीला पैठण, कधी माहूर, कधी औंढा नागनाथ, अशी आमची भटकंती. सोबत वडील असतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, उमेदीत भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्यासाठी गाडीत कायम कीर्तन नाहीतर अभंग चालू. कीर्तनात बुवांचा शब्द कळला नाही तर ऐकून उपयोग काय? एवढ्या एका गोष्टीसाठी सगळं काम केलं. तुम्ही गझल ऐका नाहीतर डीजेची गाणी, पाया तोच राहतो.

आधी पत्रा

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे घरघर समोरून येत नाही, बुडाखालून येते. बाजूचा पत्रा मोठा, सपाट आणि पातळ. दारावर बोटाच्या पेरानं टकटक करून बघा, "टण्ण" असा डब्यासारखा आवाज येईल. अशा दारात कितीही भारी स्पीकर लावला तरी त्याच्यासोबत दार पण वाजतं आणि शब्द फाटतात.

याच्यावर उपाय म्हणजे ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट. एका बाजूला चिकट रबर, वरून ॲल्युमिनियमची फॉइल. स्वस्तात मिळते म्हणून छपराची गळती बंद करायची डांबरी पट्टी अनेक जण वापरतात. आपल्याकडं ते अजिबात करू नका. मे महिन्यात बंद गाडीत पारा पन्नाशीच्या पुढं जातो. डांबर मऊ पडून ओघळतं आणि त्याचा वास गाडीतून महिनोन् महिने जात नाही.

शीट अख्ख्या पत्र्यावर लावायची गरज नाही, पैशाची मोठी बचत इथंच होते. सपाट भागाच्या मधोमध साधारण पाव भाग झाकला तरी पत्र्याचं थरथरणं बऱ्यापैकी थांबतं. दाराचं आतलं कव्हर काढा, पत्रा थिनरनं पुसून कोरडा करा. गाडी सकाळी तासभर उन्हात उभी करा, पत्रा कोमट झाला की शीट सहज धरते, हीटगनचा खर्च वाचतो. मग छोट्या लोखंडी रोलरनं जोर लावून दाबत जा. फॉइलवर जी बारीक उठावदार नक्षी असते ती सपाट होऊन दिसेनाशी झाली की शीट पत्र्याला पूर्ण बसली समजा. नक्षी दिसत असेल तर आत हवा आहे, अजून दाबा. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, हातमोजे घाला.

दाराला दोन पत्रे असतात. बाहेरच्या पत्र्यावर स्पीकरच्या बरोबर मागं एक तुकडा लावा. आतल्या पत्र्याला जी मोठमोठी भोकं असतात ती शीटनं बंद करा. स्पीकरच्या पुढून निघणारा आणि मागून निघणारा आवाज एकमेकांच्या उलट असतो. भोकातून मागचा आवाज पुढं आला की दोन्ही एकमेकांना मारतात आणि खालचा जड सूर नाहीसा होतो. पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा याच भोकांतून पळून जात असतो. फक्त दाराच्या तळाशी जी बारीक भोकं आहेत ती उघडीच ठेवा. काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजवली तर दार आतून गंजेल.

शीट लावून पुन्हा टकटक करा. "टण्ण" जाऊन "ठप" आलं पाहिजे. दोन्ही दारं आणि मागच्या बाजूचे सपाट पत्रे मिळून माझे १,८०० रुपये गेले. पूर्ण कामातले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच. इंजिनच्या झाकणाजवळ मात्र फोम किंवा असली शीट लावू नका, तिथं उष्णता फार.

स्पीकर

नवी गाडी घेतली की हौशी मालक कंपनीची सिस्टिम काढून मोठ्या पडद्याचा स्टिरिओ आणि नवे स्पीकर टाकतात. काढलेले स्पीकर ॲक्सेसरीजवाल्यांकडं पडून असतात. मला साडेसहा इंची जोडी ९०० रुपयांत मिळाली. जुना माल घेताना सोबत मल्टिमीटर न्या. चार ओहमच्या स्पीकरला मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दिसतं. रीडिंग आलंच नाही तर कॉइल तुटलेली. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच सरळ आत दाबा आणि कान लावा. खरखर झाली तर कॉइल मॅग्नेटला घासतेय, स्पीकर परत द्या. कडेचं रबर चिरलेलं नको.

नवा घेणार असाल तर डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला "मॅक्स" किंवा "पीक" वॅटचा आकडा सोडून द्या, बारीक अक्षरात आरएमएस वॅट बघा, खरी ताकद तीच. त्याच्याही आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते बघा, ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते. ९१ डेसिबलचा स्पीकर ८८ च्या स्पीकरइतका आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्प्लिफायरचे अर्धे वॅट वाचले.

भोक पाडायच्या आधी काच पूर्ण खाली करा आणि आत किती खोली उरते ते मोजा. मॅग्नेट काचेला अडकला तर दोन्ही जातील. स्पीकरखाली रिंग लागते. बाजारातली एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याची) रिंग दारातल्या ओलाव्यानं फुगते. मी स्वयंपाकघरात वापरतात तसा जाड पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड आणून जिगसॉनं रिंग कापल्या. पाणी धरत नाही आणि स्क्रू पक्का बसतो. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी द्या.

वायर जोडताना कुठली प्लस कळत नसेल तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा. स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर उसळला तर सेलच्या प्लसला टेकलेलं टोक प्लस. आत गेला तर उलटं. दोन्ही दारांत हे सारखंच असलं पाहिजे. एक उलटा राहिला तर जड सूर गायब होतो, आवाज कुठून येतोय तेच कळत नाही आणि माणूस उगाच स्पीकरला नावं ठेवत बसतो.

तार, फ्यूज, अर्थिंग

इथं मी कुणाचंच ऐकत नाही. शेतातल्या जळालेल्या मोटारी रोज माझ्या टेबलावर येतात. तार बारीक आणि जोड ढिला असला की काय होतं ते मला माहीत आहे.

स्टिरिओच्या डब्यावर ५० वॅट गुणिले ४ स्पीकर असं लिहिलेलं असलं तरी बारा व्होल्टवर त्याच्या आतली चिप एका स्पीकरला खरे पंधरा-वीस वॅटच देते. दारं नीट केली असतील तर शहरात तेवढं पुरतं. हायवेवर ऐंशीच्या वेगात शब्द ऐकायचे असतील तर छोटा चार चॅनलचा, म्हणजे चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा ॲम्प घ्या, क्लास डीचा (कमी तापणारा, कमी वीज खाणारा), खरे ५० वॅट प्रति चॅनल. माझा ४,२०० ला बसला. स्टिरिओ जुना असेल तर हाय-लेव्हल इनपुट असलेलाच ॲम्प घ्या. स्टिरिओच्या स्पीकर वायरी थेट त्याला जोडता येतात, नवा स्टिरिओ घ्यावा लागत नाही.

हिशेब बघा. चार चॅनलचे मिळून २०० वॅट. क्लास डी साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीतून २५० वॅट ओढणार. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर अठरा अँपिअर झाले. त्याला सहा स्क्वेअर एमएमची तार पुरते, मी दहाची टाकली. ॲम्पसोबत किटमध्ये येणारी जाडजूड वायर ब्लेडनं खरवडून बघा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. ती घेऊच नका. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारी शुद्ध तांब्याची मल्टिस्ट्रँड फ्लेक्झिबल वायर मीटरवर मागा. तार, फ्यूज होल्डर, लग (तारेच्या टोकाला दाबायची धातूची कडी) आणि नळी धरून १,१०० रुपये झाले.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस काढा. प्लसची तार सरळ बॅटरीवरून घ्या, सिगारेट सॉकेटवरून नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज बसवा. हा फ्यूज ॲम्प वाचवायला नसतो. तार कुठं पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. ॲम्पजवळ बसवलेला फ्यूज त्या कामाचा नाही. तार पत्र्यातून जाते तिथं भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी, हवीच.

मायनस ॲम्पच्या जवळच बॉडीला द्या, प्लसइतक्याच जाडीच्या तारेनं. तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, नट आवळा, वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगला वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. गाडीची रेस वाढवली की स्पीकरमधून "कुंईं" असा चढत जाणारा आवाज आला तर पहिला संशय या अर्थिंगवर घ्या. दुसरा संशय, सिग्नलची वायर आणि पॉवरची वायर एकाच बाजूनं नेल्याचा. एक डावीकडून न्या, एक उजवीकडून.

ॲम्प पलंगाच्या बाजूच्या फळीवर उभा बसवा. गादीखाली कोंडला तर तापून बंद पडेल.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

गेन म्हणजे स्टिरिओकडून येणारा सिग्नल ॲम्पनं किती वाढवायचा ते ठरवणारं बटण. ॲम्पवरचा गेन पूर्ण फिरवून ठेवणारे लोक स्पीकर जाळतात. मोबाइलवर एक किलोहर्ट्झची टेस्ट टोन घ्या, बास-ट्रेबल शून्यावर आणा, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश करा. स्पीकर काढून ठेवा, ॲम्पच्या आउटपुटला मीटर एसीवर लावा. ५० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मीटरवर १४ व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा आणि थांबा. तुमचा स्पीकर ३० वॅटचा असेल तर १२० चं वर्गमूळ, म्हणजे ११ व्होल्टलाच थांबायचं. साधा स्वस्त मीटर एक किलोहर्ट्झला चुकीचं दाखवू शकतो, त्याला ५० हर्ट्झची टोन द्या आणि तेवढ्यापुरता ॲम्पवरचा हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) बंद ठेवा.

त्यानंतर हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर चालू करा. दाराच्या स्पीकरला झेपत नाहीत ते अगदी खालचे सूर तिथंच अडतात, आणि बाकीचं स्वच्छ होतं. शेवटी कान लावा. मी टाळावर पारखतो. टाळ "छन्न" असा वेगळा, सुटा ऐकू आला पाहिजे. "छ्श्श" अशी फक्त सळसळ आली तर ट्रेबल एक घर कमी करा.

सबवूफर, म्हणजे फक्त जड सुरांचा मोठा स्पीकर, त्यासाठी मी पैसे घातले नाहीत. हवाच असेल तर पलंगाखाली बंद पेटीतला दहा इंची ठेवा, अठरा-वीस लिटरची पेटी पुरते. पण आधी दारं करून महिनाभर ऐका.

मुक्कामाची सोय

पलंगाच्या उशाकडं गाडीतलेच जुने चार इंची स्पीकर लावले, मागच्या दोन चॅनलवर. चालवताना स्टिरिओचा फेडर (आवाज पुढं-मागं वाटायची सोय) पुढं, मुक्कामाला मागं. उशाशी स्पीकर असल्यानं अण्णांना अगदी बारीक आवाजात ऐकू येतं, शेजारच्या गाडीला त्रास नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर आवाज करायला कायद्यानंही बंदी आहे.

इंजिन बंद असताना बॅटरीवर लक्ष ठेवा. थोडा वेळ उभ्या राहिलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. त्याच्याखाली गाणी बंद, नाहीतर पहाटे माहूरच्या डोंगरावर गाडीला धक्का मारावा लागेल. लो-व्होल्टेज कटऑफचा छोटा बोर्ड काहीशे रुपयांत येतो. तो स्टिरिओच्या सप्लायवर लावा. स्टिरिओकडून ॲम्पला चालू-बंदचा इशारा देणारी निळी "रिमोट" वायर असते, तिच्यामुळं स्टिरिओ बंद झाला की ॲम्पही आपोआप बंद होतो. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी मात्र झोपायच्या गाडीत घालू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. दुसरी बॅटरी हवी असेल तर सीलबंद किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, आणि दोन्हींच्या मध्ये आयसोलेटर रिले टाका, म्हणजे इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या राहतात.

आपल्या काळ्या मातीतले रस्ते खचतात, गाडी सारखी हादरते. नवी सिस्टिम लागली की आधी न ऐकू आलेली खडखड ऐकू येते. नंबर प्लेटच्या मागं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, दाराच्या कव्हरच्या क्लिपांना फेल्टची पट्टी, पलंगाखालची भांडी गोधडीत. उन्हाळ्यात फुफाटा आत येतो, तेव्हा आषाढीच्या आधी ॲम्पवरची धूळ ब्रशनं झाडा आणि बॅटरीचे, अर्थिंगचे, फ्यूजचे नट एकदा पान्यानं आवळून घ्या. हातानं हलवून कुठला नट फिरला तर तो लग काढून, घासून पुन्हा बसवा.