सात हजार आरपीएमसाठी प्रेशर प्लेट निवडताना

प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचची चकती इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (जड चाकावर) दाबून धरणारी प्लेट, घेताना बहुतेक जण आधी दाब किती ते विचारतात. रेव्ह (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजेच आरपीएम) वर नेणाऱ्याने त्याआधी हे पाहावं: ७००० आरपीएमला पेडल दाबल्यावर क्लच सुटतो का, आणि पाय काढल्यावर पेडल वर येतं का? फिरणाऱ्या भागावरचं केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाने वाढतं. ३५०० वरून ७००० ला गेलात की ते चौपट.

जुन्या अमेरिकन व्ही-८ गाड्यांत तीन प्रकार भेटतात. ‘लाँग’ प्रकारात लिव्हरच्या टोकांना वजनं असतात. वेगाबरोबर दाब वाढत जातो. ड्रॅग रेसमध्ये (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीत) जागेवरून सुटताना हे उत्तम, पण वरच्या रेव्हला गिअर बदलताना पेडल दगडासारखं कडक होतं. ‘बोर्ग अँड बेक’मध्ये दाब मुख्यतः कॉइल स्प्रिंगचा. पेडल जड, आणि चकतीचं लायनिंग (घर्षणाचा थर) झिजेल तसा दाब उतरतो.

तिसरा प्रकार डायफ्रॅम, म्हणजे आत बोटांसारख्या पट्ट्या असलेली एकच ताटलीसारखी स्प्रिंग. त्याचं पेडल हलकं, पण खरी मेख इथेच आहे. सपाट बोटांचा डायफ्रॅम पूर्ण दाबला की बोटं आपल्या टेकूची पातळी ओलांडून फ्लायव्हीलकडे झुकतात. मग केंद्रोत्सारी बल त्यांना आणखी तिकडेच ढकलतं आणि पेडल खालीच अडकतं. वाकवलेल्या बोटांच्या डायफ्रॅममध्ये बोटांचं वजन गिअरबॉक्सच्या बाजूला राहतं, म्हणून तेच बल क्लच पकडायला मदत करतं. रस्ता आणि सर्किट दोन्हीसाठी आम्ही हाच घ्या म्हणू.

दाब गरजेपुरताच घ्या. १०.५ इंची प्लेटची सरासरी त्रिज्या साधारण १०८ मिमी. घर्षणांक ०.३, दोन बाजू. ४०० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला २५ टक्के जादा धरून सुमारे ७७०० न्यूटन, म्हणजे जवळपास ७८५ किलो दाब पुरतो. त्याहून फार जास्त घेतलात तर पेडल दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) फुकटचा भार येतो.

वरच्या रेव्हला साध्या बिडाची प्लेट किंवा फ्लायव्हील नको. ते फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) फोडून पायापर्यंत येतात. एसएफआय १.१ (शर्यतीच्या भागांचं सुरक्षा मानक) चा शिक्का पाहूनच घ्या आणि बॅलन्स करून बसवा.

शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाला वाकड्या बोटांबरोबर आखूड रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की बोटांवर दाबणारं बेअरिंग) लागतं, सपाट बोटांबरोबर लांब. इथे अदलाबदल झाली की क्लच नीट सुटतच नाही. बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा, नाहीतर कव्हर वाकतं. शेवटी पेडलखाली स्टॉप लावा: क्लच स्वच्छ सुटला की पेडल तिथेच थांबलं पाहिजे.